कुकडीकाठचा कंडोर

१२ जून १९९८

यांना कंडोर सापडला म्हणे! कुकडीच्या काठावर, गाळात. एकच हाड – माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढं, तपकिरी, आतून पोकळ.

गेल्या महिन्यात लॉस एंजेलिसहून श्रेयाचं पत्र आलं होतं. डांबराच्या डबक्यातून निघालेली हाडं बघायला शाळेने नेलं होतं त्यांना. त्यात एक नामशेष कंडोर – तिकडचं अवाढव्य गिधाड – आजच्या कंडोरांपेक्षाही मोठा. ‘आजोबा, तुमच्या नदीत असं काही आहे का?’

नातीने विचारावं आणि नदीने लगेच द्यावं! मला नाही पटत.

१४ जून

लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस नकाशावर अँडीजला छडी टेकवून सांगायच्या – कंडोर इथे. खिडकीबाहेर पाचगणीचं धुकं. ती छडी आमच्या या जुन्नरला कधी आली नाही. यांना म्हटलं तसं. म्हणाले, तुझ्या सिस्टरांनी कुकडी उकरली होती का?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मुलगा परदेशी गेला, तेव्हापासून हा माणूस खुर्चीतून उठत नव्हता. आता सकाळीच टोपी घालून नदीवर. म्हणून मी वाद वाढवला नाही.

२ जुलै

हनीफभाई आले होते. यांचे शाळासोबती, कातडी-हाडांचा धंदा. दोघं मागच्या पडवीत कुजबुजत होते. मी चहा घेऊन गेले तर एकदम गप्प! येताना त्यांची पिशवी फुगलेली होती, जाताना रिकामी. मी पाहिलं ना.

हनीफभाईच यांना बनवतायत. आधी हाड गाळात पुरायचं, मग यांना तिकडे फिरायला न्यायचं. कशासाठी, ते कळत नाही.

९ जुलै

चहापूड पुन्हा संपली. नवी आणली ती वरच्या फळीवर ठेवली. सारजाबाईच्या लक्षात आलं. भांडी घासता घासता म्हणाली, “बाई, मला चा सोसत न्हाई. पित्त व्हतं.”

उगाच संशय घेतला मी तिच्यावर.

मग पूड जाते कुठे?

११ जुलै

कळलं. देवळातून लवकर परतले. मागच्या चुलीवर जुनं पातेलं, त्यात काळाभोर चहा खदखदतोय आणि त्यात हाड, तपकिरी होत चाललेलं. ढवळणारे – हे! हनीफभाई फुंकणी घेऊन शेजारी.

हे म्हणत होते, “आणखी सापडलं म्हणून श्रेयाला कळवतो. मग येतेच की नाही बघ.”

“हाडांला काय तोटा, अण्णा? माळावर लई पडलीत. गिधाडं बसल्या जागी माना टाकतात न् खाली येतात. काय रोग हाय, कळत न्हाई.”

मी दाराआडूनच मागे फिरले.

१२ जुलै

अर्धा किलो चहापूड आणली. डबा खालच्या फळीवर ठेवला.

३ जानेवारी २०००

याही सुट्टीत श्रेया आली नाही. यांची हाडांची ट्रंक भरत आली आहे. प्रत्येक हाडाला दोऱ्याने चिठ्ठी – ‘कुकडीकाठ. अतिप्राचीन.’

हनीफभाई रिकाम्या हातांनी आले. माळावर टाकलेली म्हैस तशीच सडतेय म्हणाले, गिधाड एक नाही, कुत्री तेवढी. खरं का? की कोणी विष घातलं आणि हनीफभाई नाव सांगत नाहीत?

नवी नवरी होते तेव्हा माळाकडची खिडकी मी लावूनच घ्यायची. तिथल्या सावरीच्या झाडावर गिधाडं बसलेली असत – खांदे पाडून, सासरच्या वडीलधाऱ्यांसारखी. माझ्यावर डोळा ठेवून आहेत असं वाटे. आज खिडकी उघडून बराच वेळ उभी होते.

२० डिसेंबर २००३

श्रेया आली! आजोबांहून उंच झाली पोर. हे लगबगीने ट्रंक उघडायला निघाले, तर म्हणाली, “आजोबा, मेलेले आमच्याकडे पण आहेत. मला जिवंत गिधाडं दाखवा ना. आजी पत्रात लिहायची तशी, खांदे पाडून बसलेली.”

सगळे माळावर गेलो. सावर होती. मान दुखेपर्यंत वर बघितलं. एक घार फिरत होती, बस्स.

“किती वाजता येतात?” श्रेयाने विचारलं.

 

२२ डिसेंबर

सकाळी यांनी ट्रंकेतलं एक हाड सोड्याने घासून धुतलं. चहाचा रंग गेला. जुनी चिठ्ठी तोडली, नवी बांधली – ‘गिधाड. जुन्नर. १९९८.’ मग श्रेयाच्या हातात दिलं.