बेळगावचा ब्लाऊजवाला

बोरगाव,
मंगळवार, सकाळ

प्रिय सन्मती,

पहिल्याच ओळीत सांगून टाकते, हे पत्र आप्पांबद्दल आहे. फोनवर मी आप्पांचं नाव काढलं की तू 'आक्का, रेंज न्हाय' म्हणतोस आणि ठेवून देतोस. बेळगावात रेंज नसते, गोव्यात नसते, बेंगळूरला तर मुळीच नसते. वडिलांचं नाव घेतलं की देशातले टॉवर आडवे पडतात, असा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. दीप्तीच्या हातात देऊन पाठवतेय आणि तिला बजावलंय की मामानं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय जागचं हलायचं नाही. पोरगी माझ्या वळणावर गेली आहे, तेव्हा ती हलणार नाही. बस आणि वाच.

आप्पा आजारी आहेत. उन्हाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं तेव्हा आम्ही म्हटलं, वयाचं असेल. मग पोटात गाठ निघाली. बेळगावला नेऊन दाखवलं. डॉक्टर भला माणूस होता. मराठीत सुरुवात केली, मध्येच कानडीत शिरला, आणि जे सांगायला जड होतं ते इंग्रजीत सांगून मोकळा झाला. तुझ्या दाजींनी सगळ्याला मान डोलावली, त्यांना काहीच कळलं नव्हतं. आप्पांना मात्र कळलं. 'म्हंजे कापडाचं ठाण संपत आलं म्हणा की,' म्हणाले आणि वाकून चपला शोधायला लागले. मी बाहेर येऊन रडले, ते नाही. येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले ते निपाणी येईपर्यंत मान वळवली नाही. तू बेळगावातच आहेस हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तुझं नाव काढलं नाही.

आता तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावाच्या लेखी तू आत्ताआत्तापर्यंत शिंपी होतास. हसू नकोस, खरंच. तू इंजिनिअरची नोकरी सोडलीस त्या दिवसांत शेजारची गुणाबाई दुकानात आली होती. तिनं विचारलं, 'सन्मती काय करतोय गं बेळगावात?' तू मला नुकताच तो शब्द शिकवला होतास, मी तो मोठ्या तोऱ्यात वापरला, म्हटलं, 'ब्लूज करतोय.' गुणाबाई म्हणाली, 'व्हय बाई, कापडवाल्याचं पोरगं त्ये, ब्लाऊजच करनार की. लई मागणी हाय.' मी तिला सुधारणार तेवढ्यात गादीवरून आप्पा बोलले, 'व्हय. बरं चाललंय त्याचं.' मी वळून बघितलं. ते मीटरपट्टी लावून कापड मोजत होते, वर बघेनात. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं गिऱ्हाइकाला बोटभर कापड कमी दिलं नाही, त्यानं माझ्यासमोर धडधडीत खोटं सांगितलं होतं.

आणि एक खोटं कधी एकटं राहतं का? पुढच्या सणाला गुणाबाई दोन ब्लाऊजपीस आणि मापाचं जुनं ब्लाऊज घेऊन हजर. 'सन्मतीला म्हणावं, दंडात सैल ठेव.' आप्पांनी गाठोडं ठेवून घेतलं, निपाणीच्या एका शिंप्याकडून शिवून आणलं आणि बेळगावचं म्हणून दिलं. मग तिच्या जावा आल्या, मग त्यांच्या सुना. बघता बघता अर्ध्या गावातल्या बायका तुझ्या हातची ब्लाऊज घालून लग्नांना जायला लागल्या, आणि काखेत काचलं की शिव्या तुला बसायला लागल्या. सुरुवातीला मला गंमत वाटायची. पुढेपुढे हसू येईना. मुलगा शिंपी आहे म्हणायला त्यांना काही वाटत नव्हतं, मुलगा गातो म्हणायला मात्र जीभ रेटत नव्हती. मला त्यांचा फार राग यायचा, सन्मती.

कारण गाणं तर त्यांनीच तुझ्या हातात दिलं होतं. आई गेली त्या वर्षी तू घरात बोलायचाच बंद झालास. जेवलास का विचारलं तर मान, शाळा कशी झाली विचारलं तरी मान. आप्पांना लाड करणं कधी जमलं नाही. त्यांनी तुला हाताला धरून बस्तीत जिनदेवापुढे नेलं आणि पेटीसमोर बसवलं. महिन्याभरात तू पूजेची पदं वाजवायला लागलास, मग म्हणायला लागलास. पंचकल्याणकाच्या उत्सवाला बाहेरून गवई आले होते, त्यांनी तुला शेजारी घेतलं तेव्हा मंडपाच्या खांबाआड आप्पा डोळे पुसत होते, हे मी पाहिलंय. त्यांना वाटलं होतं, इंजिनिअर होईल, सणावाराला बस्तीत गाईल. तू बेळगावला गेलास आणि कॅम्पातल्या त्या म्हाताऱ्या गिटारवाल्या सरांकडे शिकायला लागलास. दिवाळीत घरी आलास तेव्हा मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलंस, ब्लूज म्हणजे दूरदेशी कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांचं गाणं, एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. मी म्हटलं, म्हणजे आपल्या निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांसारखंच की. तू माझ्याकडे असा बघत राहिलास, जशी काय मी मोठी विदुषी.

तुझे हाल मला ठाऊक आहेत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचास, रिकाम्या हॉटेलात वेटरांपुढे गायचास. ज्या बेंगळूरच्या मुलानं बँड काढला होता तो परदेशी निघून गेला आणि मागे राहिली मोडकी मंडळी. उचगावचा नागेंद्र, जत्रेत हलगी वाजवून ड्रमवर आलेला, तो परत शेतावर जायच्या गोष्टी करत होता. ऋतिकाला तिची आई बास गिटार घेऊन रात्रीचं बाहेर सोडेना. तू त्या बाईंच्या घरी जाऊन चार वेळा चहा प्यायलास, कांदापोहे मात्र एकदाही खाल्ले नाहीस, आणि त्या कांदा न खाणाऱ्या मुलावर विश्वास ठेवून तिनं पोरीला पाठवलं. हे मला ऋतिकानंच सांगितलं. बँडला तू 'नाका' असं नाव दिलंस आणि इंग्रजी सोडून आपल्या बोलीत गायला लागलास. तेव्हापासून तुमचं चाललं.

ऋतिका मला कुठे भेटली म्हणशील. तर ऐक, मी तुझा कार्यक्रम पाहिलाय. मागच्या हिवाळ्यात, बेळगावलाच, मोकळ्या मैदानात होता तो. दीप्ती मला घेऊन गेली. आम्ही पार मागे उभ्या होतो. तू 'नाक्यावर गाडी थांबली रं, नाक्यावर गाडी थांबली' म्हणालास, तीच ओळ परत म्हणालास, आणि मग 'दोन राज्यांच्या पाट्या वाचल्या, घराची पाटी कुठं ऱ्हायली'. माझ्या बाजूला एक कानडी बाई उभी होती, तिनं मला विचारलं, का रडता? आणि मी आणखी एक पाहिलं. तू सगळ्यांत कमी वाजवत होतास. नागेंद्र वाजवायचा तेव्हा तू थांबून त्याचं ऐकायचास, ऋतिका चुकली तेव्हा तिच्याकडे न बघता तिला सावरून घेतलंस, आणि हात वर केलास की सगळे एका क्षणात गप्प. पुढारीपण म्हणजे आरडाओरडा नव्हे, हे आपल्या घरात एकाच माणसाला कळत होतं. तू त्यांचाच मुलगा आहेस, कितीही रेंज घालवलीस तरी. त्या दिवशी ऋतिकाला भेटले आणि तुला न भेटताच परत आले, कारण भेटले असते तर आप्पांचं बोलणं निघालं असतं आणि तू तोंड फिरवलं असतंस.

तू तोंड का फिरवतोस ते मला ठाऊक नाही असं नाही. दशलक्षणाच्या पर्वात तू घरी आला होतास, सवयीनं बस्तीत पेटीपुढे बसलास. त्याच्या आदल्या आठवड्यात आप्पा तुला न कळवता बेळगावला आले होते आणि हॉटेलच्या काचेतून त्यांनी पाहिलं होतं की तू गातोयस आणि पुढे टेबलांवर बाटल्या आहेत. त्यांनी सगळ्या गावासमोर तुझ्या बोटांखालून पेटी ओढून घेतली. 'दारूच्या वासाचं हात देवाच्या दारात नकोत.' तू, ज्यानं जन्मात थेंबाला शिवलेलं नाही. उठलास, स्टँडवर गेलास, आणि त्यानंतर बोरगावची बस धरली नाहीस. तुझी बाजू मी तेव्हाही घेतली होती, आजही घेते.

आता पुढचं. डॉक्टरांकडून आल्यावर आप्पांनी मुनी महाराजांकडे सल्लेखनेची, अन्नपाणी एकेक करून सोडत देह ठेवायची, परवानगी मागितली. महाराजांनी लगेच दिली नाही. पुष्कळ विचारपूस केली, घरच्यांना विचारलं, मलाही विचारलं. आईच्या आईनं घेतली होती तेव्हा आम्ही पोरी तिच्या पायांशी बसून णमोकार म्हणत होतो, मला हे नवं नाही. पण ती आजी होती, हे आप्पा आहेत. मी हो म्हटलं आणि घरी येऊन भांडी आपटली. त्यांनी आधी अन्न सोडलं, मग दूध, मग ताक. चेहरा इतका शांत झालाय की बघणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. बस्तीच्या ओवरीत त्यांची चटई आहे. गावोगावचे लोक येतात, पाया पडतात, पदं म्हणतात.

व्रत घेताना आलोचना करायची असते, आपले दोष आपल्या तोंडानं सांगायचे. लोक सहसा क्रोध, लोभ असं मोघम सांगून मोकळे होतात. आप्पांनी तसं केलं नाही. महाराज होते, अख्खा गाव होता. त्यांना धरून बसवलं तर म्हणाले, 'माझं पोरगं शिंपी न्हाय. त्ये गातंय. त्या गाण्याला ब्लूज म्हंत्यात. मला लाज वाटली म्हणून मी सगळ्यास्नी खोटं सांगितलं. ब्लाऊज निपाणीचं हुतं.' तोच गुणाबाई मोठ्यानं म्हणाली, 'तरीच!' लोक हसले, आप्पांनीही तिच्याकडे बघून हात जोडले. आणि मग म्हणाले, 'त्याच्या हाताला वास न्हवता. पेटी मी वडली, त्ये पाप माझं.' आपल्या आप्पांच्या तोंडून मी हे ऐकलं, सन्मती. त्या बस्तीत, त्या पेटीच्या शेजारी, तेवढ्याच माणसांसमोर.

त्या संध्याकाळी मला जवळ बोलावून विचारलं, काय गातंय त्ये? मी नाक्याची ओळ सांगितली. मला मेलीला सूर कुठला, नुसती म्हणून दाखवली. त्यांनी विचारलं, एकच ओळ दोनदा का? तू मला जे शिकवलं होतंस तेच मी सांगितलं, पहिल्यांदा कुणाला ऐकू जात नाही म्हणून. डोळे मिटून ती ओळ दोनदा पुटपुटले. मग म्हणाले, 'खरं हाय.'

गावातल्या प्रत्येकाची क्षमा मागून झाली. ज्याच्याशी बांधावरून भांडण होतं त्याचीसुद्धा. फक्त एकाची राहिलीय. मी म्हटलं, बोलावते. तर म्हणाले, 'नगो. त्यानं कुठली गाण्याची सुपारी घेतली असंल. शब्द दिला असंल तर मोडाय लावू नगो.' दुकानदारी मेली अजून सुटत नाही. मग परवा महाराजांनी विचारलं, आता पाण्याचा त्याग करायचा का? आजवर प्रत्येक वेळी आप्पांनी मान हलवली होती. या वेळी नाही हलवली. 'एक जण यायचा हाय,' म्हणाले. महाराज म्हणाले, आप्पा, हाही मोहच. 'व्हय महाराज, हाय. एवढा एक ऱ्हाऊ द्या.' महाराजांनी पाणी चालू ठेवू दिलं. तेव्हा सन्मती, मी तुला का लिहितेय ते कळलं ना? तू आलास की आप्पा पाणी सोडतील. हे मला कळत होतं म्हणूनच मी लिहीत नव्हते. तू रुसलेला राहा, म्हणजे माझ्या हातून ते रोज ओंजळभर पाणी पीत राहतील, असा माझा हिशेब. पण आज सकाळी त्यांना गिळता येईना. पाणी ओठांच्या कडेनं परत आलं, मी पदरानं पुसलं, आणि त्यांनी खूण करून पुन्हा मागितलं. त्यांना तहान नाही रं. ते तुझ्यासाठी जोर करून पितायत. मला आता हे बघवत नाही. ये, आणि त्यांना सोडव.

तुझीच,
आक्का