पाचव्या वचनावरून तुला दिलेल्या शिव्या

प्रिय दादास, तुझ्या धाकट्या बहिणीचा सलाम.

तू, वहिनी आणि तुझे दोन्ही गुडघे सुखरूप असाल अशी आशा करते. आम्हीही इकडे खुशाल आहोत असं पुढे लिहायची पद्धत आहे. ती मी मोडते, कारण खुशाल कोणी नाही. आईचं खुब्याचं हाड अजून जुळतंय, माझी कंबर जुळायच्या पलीकडे गेली आहे, आणि हे पत्र मी इस्त्रीच्या टेबलावर उभ्यानेच लिहिते आहे, कारण बसले की उठवत नाही. (अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर मला शाळेतून काढून तुला पुढे पाठवलं, ते अक्षर आता तुझ्याकडे आहे.)

तर आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. एकाने खांदे धरायचे, एकाने पाय. एकटीने केलं तर खुबा सरकतो, डॉक्टरांनी मला बोट दाखवून सांगितलंय, पुन्हा सरकला तर ती उठायची नाही. पायाकडे शेजारची शिंपीण येते, मी लाँड्रीत असते तेव्हाही तिची सून आणि ती मिळून बघतात. पण येत्या सोमवारी त्या दोघी गावी निघाल्या लग्नाला, महिन्याभरासाठी. म्हणून महिन्यापूर्वीच मी तुला सरळ लिहिलं की दादा, ये. त्यावर तुझं कार्ड आलं: ‘गलतीकरांस पत्र, अध्याय सहावा वाच. सविस्तर नंतर.’ बस. हेडमास्तर झालास म्हणून शाई इतकी महाग झाली का रे? बाबांचीही हीच खोड. आत्याने लुगडं मागितलं तरी ते अध्याय पाठवायचे, आणि आत्या बिचारी अध्याय नेसून बसायची.

मी आईच्या उशाचं बायबल उघडलं. पानाच्या डोक्यावर गलतीकरांस, सहा, आणि पहिलीच ओळ पाचवं वचन: ज्याने त्याने आपापला भार वाहावा. झालं! माझं डोकं सणकलं. आईला मी भार म्हणून सांभाळते आणि हा ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला पुढे करून हात झटकतो! एक ते चार कुठे गेली हे बघायची मला शुद्ध नव्हती. (मला राग आला की मी मागचं पान बघत नाही, हे माझ्या नवऱ्याला विचार.) त्या दिवसापासून पिळायच्या प्रत्येक चादरीबरोबर मी तुला पिळलंय. आमच्या मुकादमिणीला तुझी कुंडली तोंडपाठ झाली आहे.

शेवटी बुधवारच्या बायबलवर्गात मी उभीच राहिले. म्हटलं, पाळकसाहेब, मुलाने आईला टाकावं असं शास्त्रात आहे, आणि मला कोणीतरी समजावून सांगा. तर आमच्या शिंपिणीचे मालक, शिंपीभाऊ, उठले आणि म्हणाले, ताई, माझ्या बायबलात तर त्याच अध्यायात दुसरं वचन आहे, एकमेकांची ओझी वाहा. मी म्हटलं, तुमचं वेगळं छापलं असेल. पाळकसाहेब म्हणाले, दोन्ही आहेत आणि विरोध मुळीच नाही, मूळ भाषेत बघायला गेलं तर... मी तिथेच अडवलं. मूळ भाषेत माझी आई उचलली जात नाही, साहेब. मग शिंपीभाऊंना चेव चढला. त्यांनी शास्त्रातल्या न जुळणाऱ्या गोष्टींची पोतडीच सोडली, येशूच्या थडग्यापाशी देवदूत एक होता की दोन, कोंबडा एकदा आरवला की दोनदा. देवदूतांचं तर मीच सोडवलं. आमच्याकडे तपासणीला दोन साहेब आले होते, बोलला एकच, तर अर्ध्या बायका आजही सांगतात की एकच आला होता. यात काय एवढं अडलंय?

पण माझं ओझं सुटेना. वर्गात दोन तट पडले, दुसऱ्या वचनाचे आणि पाचव्या वचनाचे. वर्ग संपला की सगळ्यांनी मिळून खुर्च्या भिंतीशी रचायच्या असा आमचा नेम आहे. त्या दिवशी पाचवेवाल्यांनी आपापली बुडाखालची खुर्ची तेवढी उचलली आणि घरी गेले. दुसरेवाले दुसऱ्याची उचलायला निघाले, पण दुसऱ्याने आपली आधीच उचललेली, आणि स्वतःच्या खुर्चीला हात लावायचा तर तत्त्व मोडतं. शेवटी सतरा खुर्च्या, हार्मोनियमची पेटी आणि पाळकसाहेब एवढंच हॉलमध्ये उरलं. सगळं मी आणि साहेबांनी लावलं. पेटी उचलताना ते दमल्या आवाजात म्हणाले, तुम्ही तेवढ्या पुढच्या बुधवारी प्रश्न विचारू नका.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी कामावर मिळालं. आमच्याकडे प्रत्येकीचा गठ्ठा ठरलेला असतो, नंबर टाकून. माझ्या गठ्ठ्यात डाग राहिला तर शिव्या मलाच, तिथे शेजारीण उपयोगाची नाही. पण भिजलेलं घोंगडं आलं की नंबर कोणी विचारत नाही, दोघी दोन टोकांना धरतात आणि पिळतात. एकटीने पिळलं तर मनगट जातं आणि घोंगडं तसंच ओलं. गठ्ठा आपला आपला, घोंगडं दोघींचं. पौल तंबू शिवायचा म्हणतात, त्याला भिजलेल्या कापडाचं वजन ठाऊक असणारच. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, मी हेच सांगणार होतो. मग सांगायचं होतं ना! मूळ भाषेत कशाला गेलात?

मग घरी येऊन दुसरं वचन शोधलं. आईच्या बायबलात दोन पानं कसल्याशा जुन्या डागाने एकमेकांना चिकटलेली. ओलं फडकं ठेवून वरून हलकी इस्त्री फिरवली, सुटली. (पुढचं पत्र इफिसकरांचं, त्यांना थोडा चटका बसलाय.) आणि निघालं की रे, एक ते चार, सगळी! म्हणजे तू पाचवं लिहिलंच नव्हतंस, अख्खा अध्याय लिहिला होतास. एवढ्या शिव्या फुकट गेल्या. त्यातल्या अर्ध्या परत घेते. बाकीच्या अर्ध्या ‘सविस्तर नंतर’ला राहू देत.

वहिनीला सलाम.

तुझी बहीण,
तडतडी

ता.क. पण तुला म्हणायचं काय होतं, दुसरं की पाचवं? पुढे नववं आहे, चांगलं करताना थकू नका. ते जर माझ्यासाठी धाडलं असशील तर इकडे येऊच नकोस, इस्त्री तापलेली आहे. तिसरं मात्र तुझ्यासाठीच आहे, कोणी नसताना स्वतःला कोणीतरी समजणाऱ्याचं, ते आरशासमोर उभं राहून वाच.

ता.क. दुसरा. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. ती आधी म्हणाली, ओझं ओझं काय लावलंय दोघांनी, मी काय गाठोडं आहे? मग म्हणाली, चिकटलेली पानं मला पाठ आहेत, मला विचारलंस का? नाही विचारलं. तो डाग कसला, तेही तिनेच सांगितलं. तू दोन वर्षांचा असताना तुला डांग्या खोकला झाला होता. तुला खाली ठेवलं की श्वास अडकायचा, म्हणून ती नऊ दिवस तुला खांद्यावर टाकून फिरत होती, आणि एका हाताने औषध पाजताना ते पुस्तकावर सांडलं. नेमकं तिथेच.

ता.क. तिसरा. रविवारी ये. खांद्याची बाजू मी घेते, पायाची तुझी. आणि उत्तर अध्यायात पाठवू नकोस, गाडीची वेळ लिही.