तांदळाच्या डब्यातला कायदा

मुक्काम नजमा, दोहा (कतार)

तीर्थरूप तात्यांच्या पायांशी (आणि पायांशेजारी टेकवून ठेवलेल्या बंदुकीला लांबूनच) पुतण्या धनाजीचा नमस्कार.

मी इकडे बरा आहे. उकाडा मरणाचा आहे, पण खोलीत एसी आहे आणि एसीचा मेकॅनिक श्यामही खोलीतच राहतो (तो आमचा सोडून सगळ्या दोह्याचे एसी दुरुस्त करतो). तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? काकीला झोप लागते का? आणि बंदूक कशी आहे? रानडुकरांसाठी परवाना मिळाल्यापासून तिने एकच शिकार केली, ती आपल्या पाण्याच्या टाकीची. तिचं तोंड डुकरांकडे होतं तोवर मला काळजी नव्हती. पण शेजारच्या बाबूकाकांनी काजूच्या बाजूचा हद्दीचा दगडी गडगा हातभर इकडे सरकवला, आणि तेव्हापासून ती पडवीत, भरलेली, त्यांच्या घराकडे तोंड करून असते असं कळलं. (कोणी सांगितलं ते आत्ता विचारू नका, शेवटी सांगतो.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. माझा फोन सध्या तांदळाच्या डब्यात आहे. तो तिथे कसा गेला हे नीट सांगायला हवं, नाहीतर म्हणाल पोरगं वाळवंटात जाऊन खुळावलं.

झालं असं, की आमच्या खोलीतला मन्सूर (आपल्या रत्नागिरीचा, हमद पोर्टवर ट्रेलर चालवतो आणि गेटवर नंबर लागेपर्यंत जगभरच्या बातम्या वाचतो) जेवताना सांगत होता. अमेरिकेत काही राज्यांत असा कायदा आहे म्हणे, की एखादा माणूस रागाच्या किंवा दुःखाच्या भरात स्वतःचं नाहीतर दुसऱ्याचं बरंवाईट करील असं वाटलं, तर कोर्टात अर्ज करायचा. कोर्टाला पटलं तर त्याची बंदूक काही काळ काढून घेतात. पूर्वी हा अर्ज पोलिसांनी नाहीतर घरच्यांनीच करायचा. आता काही ठिकाणी डॉक्टर, शिक्षक, बरोबर काम करणारे, इतकंच काय एका खोलीत राहणारेसुद्धा करू शकतात. ‘एका खोलीत राहणारे’ म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी घास तसाच धरून एकमेकांकडे पाहिलं.

आमच्याकडे बंदूक कुठली? भाजीची सुरीसुद्धा बोथट. पण हत्यार होतंच. आदल्याच आठवड्यात श्यामने रागाच्या भरात फोरमनला व्हॉइस मेसेज पाठवून नोकरी सोडली होती, आणि पोटात अन्न गेल्यावर त्याच फोनवर गयावया करून परत मिळवली होती. तेव्हा खोलीचा कायदा ठरला: ज्याचं डोकं फिरेल त्याचा फोन तांदळाच्या डब्यात, राग उतरेपर्यंत. आता अर्ज कोणी करायचा? आधी फक्त खालच्या कॉटवर झोपणाऱ्याने, कारण वरची कॉट हलली की राग त्यालाच आधी कळतो. मग ज्याची स्वयंपाकाची पाळी असेल त्याला अधिकार दिला. मग खालच्या कॅफेटेरियावाल्यालाही (तो म्हणाला, गिऱ्हाईक कप कसा ठेवतं त्यावरून मी ओळखतो). हे मन्सूरच्या बायकोच्या, नफिसाभाभींच्या कानावर गेलं. त्यांनी तिकडून फर्मान काढलं, की नवऱ्यांना तुमच्यापेक्षा आम्ही जास्त ओळखतो, बायकांना अधिकार पाहिजेच. तो दिला, आणि संध्याकाळपर्यंत डब्यात तांदूळ कमी आणि फोन जास्त झाले. श्यामने तर चार्जर मोकळा व्हावा म्हणून मन्सूर भडकलाय असा खोटाच अर्ज केला. (त्यामुळे मन्सूर खरोखर भडकला.) शेवटी ठरलं, की ज्याचा फोन त्याचं म्हणणं आधी ऐकायचं, आणि खोटा अर्ज करणाऱ्याने आठवडाभर भांडी घासायची. श्याम अजून घासतोय.

आणि मग पाळी आली माझी. तुमच्या पडवीतली बातमी कळली आणि मी जो तापलो, तो तुमच्यासाठी लांबलचक मेसेज रेकॉर्ड करूनच थांबलो. पाठवणार, इतक्यात मन्सूरने अर्ज केला, श्यामने ओल्या हातांनी दुजोरा दिला, खलास! फोन डब्यात. जेवण झाल्यावर तो काढून आम्ही मेसेज ऐकला. तात्या, आवाज हुबेहूब तुमचा होता. तेच ओरडणं, तेच ‘एकेकाला बघून घेतो’. मला माझीच भीती वाटली. मेसेज पुसून टाकला आणि हे पत्र पुरं होईपर्यंत फोन मीच परत तांदळात खुपसला.

बाकी इकडे सगळं ठीक. काकीला नमस्कार सांगा, आणि बाबूकाकांना, गडग्यावरून का होईना, माझी आठवण सांगा.

तुमचाच (आवाजानेसुद्धा),
धनाजी

ता. क. : मन्सूर सुट्टीवर येतोय, पत्र त्याच्याच हाती देतोय. तो गाडी घेऊन येईल. दर निवडणुकीला तुम्ही इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून बंदूक ठाण्यात जमा करायला जाता, हवालदाराबरोबर चहा पिता आणि गावभर पावती दाखवत फिरता. तसंच या वेळी करा. निवडणूक नाही हे मलाही माहीत आहे. पण तात्या, मी घाबरलोय. गडगा परत सरकवता येईल, सुटलेली गोळी परत आणता येणार नाही.

ता. क. २ : बंदूक भरलेली आहे असं फक्त तुम्हालाच वाटतं. टाकी फुटली तेव्हा मी फोन केला होता, तेव्हाच काकीने कबूल केलं, की काडतुसं ती तांदळाच्या पिंपात ठेवते. (डब्याची युक्ती आम्हाला कुठून सुचली, ते आता कळलं असेल.) शोधायला जाऊ नका, तुम्ही हे वाचेपर्यंत तिने जागा बदललेली असेल. पण त्या माउलीने असा पहारा किती दिवस करायचा?

ता. क. ३ : कोणी सांगितलं ते शेवटी सांगतो म्हटलं होतं. बाबूकाकांनी. मला वाटलं, जिवाच्या भीतीने फोन केला असेल. तर म्हणाले, “माझं काय रे, मी गडग्याआड वाकेन. पण तुझ्या तात्याचा, धोंडीरामचा हात हल्ली कापतो. स्वतःच्याच पायावर उडवून बसेल, मग मी भांडू कुणाशी?”