बारावा सत्कार रद्द करून एक सही मिळण्याबाबत

दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
माजी सैनिक मनोबल संवर्धन व नवोपचार कक्ष,
दुसरा मजला, (साहेब जागेवर असल्यास) खोली क्र. ७.

अर्जदार : सौ. सारिका मितेश निमसे, मु. चिंचखोरे, पो. किन्हवली, ता. शहापूर, जि. ठाणे.

विषय : अर्जदाराचे पती, माजी सैनिक नाईक मितेश रघू निमसे यांचा दि. २८ रोजीचा बारावा सत्कार रद्द करून त्याऐवजी रुग्णालयाच्या शिफारसपत्रावर एक सही व गोल शिक्का मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १० मार्चचा अर्ज. २) त्यानंतरची चार स्मरणपत्रे. ३) उत्तरादाखल आपल्या कक्षाकडून प्राप्त झालेल्या अकरा शाली.

महोदय,

१. अर्जदार किन्हवली येथे झेरॉक्सचे दुकान चालवते. आसपासच्या गावांतले निम्मे अर्ज तिच्याच दुकानात टाइप होतात. त्यामुळे 'उपरोक्त विषयास अनुसरून' कुठे घालायचे आणि 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' कुठे, हे तिला तोंडपाठ आहे. तरीही हा अर्ज लिहिताना तिचा हात अधूनमधून घसरण्याची शक्यता आहे. घसरलेला मजकूर आपण मनावर घेऊ नये. न घसरलेला मजकूर आपण घेत नाहीच, हे चार स्मरणपत्रांवरून तिच्या लक्षात आले आहे.

२. अर्जदाराचे पती सतरा वर्षे सैन्यात होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीजवळ स्फोट झाला. शेजारी बसलेला ड्रायव्हर जागीच गेला. मितेश यांच्या अंगावर ओरखडाही उठला नाही, मात्र डोके आतून हादरले. घरी आल्यापासून त्यांना झोप नाही. शब्द सापडत नाहीत, दुपारी काय केले ते संध्याकाळी आठवत नाही, चुलीत ओले लाकूड तडकले तरी ते भिंतीला पाठ लावून बसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कशाचीच तक्रार करत नाहीत. भात करपला तरी खातात, आमटीत मीठ नसले तरी खातात, ताट वाढायचे राहिले तरी काही म्हणत नाहीत. गोळ्या तीन वेळा बदलून झाल्या. अर्जदाराच्या सासूबाई अंबूबाई यांचे म्हणणे जसेच्या तसे देत आहे : "पोर परत आला गो, पन आतमंदी कोन नाय."

३. अशात शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी नवीन उपचार सुचवला. डोक्याजवळ चुंबकाचे यंत्र धरतात, ते टकटक करते आणि मेंदूच्या सुस्तावलेल्या भागाला हलवून जागे करते. तीस वेळा घ्यायचे, आठवड्यातून पाच दिवस, सलग सहा आठवडे, मध्ये खंड नको. डोक्यात लोखंडाचा कण राहिलेला नाही ना, झटके तर येत नाहीत ना, हे बाईंनी आधी तपासून घेतले. गुण येईलच असे वचन त्यांनी दिले नाही, आणि म्हणूनच अर्जदाराचा त्यांच्यावर विश्वास बसला. यासाठी लागणार होते फक्त आपल्या कक्षाचे शिफारसपत्र. ते मागण्यासाठी अर्जदाराने दि. १० मार्च रोजी विहित नमुन्यात अर्ज केला.

४. त्या नमुन्यात रकाना क्र. ९ आहे : 'रुग्णाची मुख्य लक्षणे'. त्यात डॉक्टर बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, "रुग्णाला स्वतःची काही किंमत वाटत नाही." या आजाराचे हे लक्षणच असते म्हणे. आपल्या कक्षाने हे वाक्य वाचले, यावर गांभीर्याने विचार केला आणि समासात शेरा मारला : "सबब, यथोचित सन्मान करण्यात यावा." शिफारसपत्राचा कागद तसाच मागे राहिला. पोट दुखते म्हणणाऱ्याच्या पोटावर हार घालावा, अशी ही तऱ्हा अर्जदाराने आजवर कोणत्याही दवाखान्यात पाहिली नव्हती. परंतु आपला कक्ष नवोपचारांचाच असल्याने तिने तोंड बंद ठेवले. ही तिची चूक झाली.

५. पहिला सत्कार गावातच झाला. शाल, श्रीफळ, आणि स्मरणशक्ती गेलेल्या माणसाला स्मृतिचिन्ह. सरपंच ताराबाईंनी शाल खांद्यावर ठेवली आणि त्याच क्षणी बाहेर उत्साही मंडळींनी हजाराची माळ लावली. मितेश यांनी ताराबाईंना मानेला धरून खाली घेतले, टेबलाखाली ढकलले आणि त्यांच्यावर स्वतः आडवे पडले. माळ संपेपर्यंत दोघे तिथेच होते. ताराबाई मोठ्या मनाच्या. त्या एवढेच म्हणाल्या, "माज्या मालकानं उभ्या जल्मात मला एवढा जपला नाय." आपल्या कक्षाच्या अहवालात मात्र या घटनेची नोंद अशी आहे : "सत्कारमूर्ती भारावून नतमस्तक झाले."

६. पुढचा सत्कार मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत झाला. तेथे मुलांनी स्फोटाचा प्रसंग बसवला होता. पत्र्याच्या डब्यात फटाका फोडून तो खरा वाटेल याची काळजी घेतली होती. या वेळी मुख्याध्यापकांना खाली घेण्यात आले. त्यानंतर मितेश जे चालू लागले ते टोकावड्याला पोचेपर्यंत थांबले नाहीत. तेथल्या एका धाब्याचे मालक शाम यांनी त्यांना ओळखले, आतल्या खोलीत बसवले, टीव्ही बंद केला, चहा दिला आणि एक शब्दही विचारला नाही. अर्जदाराच्या मते या संपूर्ण वर्षात मितेश यांच्यावर झालेला हा पहिला योग्य उपचार होय. अहवालात नोंद : "सत्कारमूर्तींनी मुरबाड ते टोकावडे प्रेरणादायी पदयात्रा केली." त्या पदयात्रेत त्यांच्या पायात एकच चप्पल होती, हा तपशील जागेअभावी गाळला असावा.

७. अर्जदाराने दुसऱ्या स्मरणपत्रात कळवले की सत्कारांनी प्रकृती बिघडत आहे. त्यावर शेरा आला : "सुधारणा दिसत नसल्यास सत्कारांचे प्रमाण वाढवावे." महिन्याचा सत्कार पंधरवड्यावर आला. तिसऱ्या स्मरणपत्रात तिने फटाके तरी नकोत अशी विनंती केली. फटाके बंद झाले व डीजे सुरू झाला. सदर बदलास आपण 'ध्वनी-उपचार' असे नाव दिल्याचे फलकावरून समजले. चौथ्या स्मरणपत्रानंतर दोन्ही सुरू झाले. पाचवे लिहिण्याचे धाडस तिला झाले नाही.

८. मध्यंतरी डॉक्टर बाईंना दया आली. पत्र मागाहून येईल या भरवशावर त्यांनी दि. ८ सप्टेंबरपासून उपचार सुरू केले. रोज पहाटेची एस.टी., पुढे गाडी, आणि दुपारी तसेच परत. यंत्राच्या आवाजाला मितेश घाबरतील म्हणून अर्जदार दाराशी जीव मुठीत धरून उभी होती. कानात बोळे घालून ते शांत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "सुतारपक्षी हाय, दुसरा काय नाय." अकरा वेळा त्यांनी तो सुतारपक्षी डोक्यावर बसवून घेतला.

अकराव्या दिवशी, म्हणजे दि. २२ सप्टेंबरला, संध्याकाळी ते जेवायला बसले. पहिला घास घेतला, थांबले आणि म्हणाले, "भात कुनी केला? गिजगा झालाय." महोदय, अर्जदाराच्या स्वयंपाकाला नवऱ्याने नावे ठेवली म्हणून ती चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. आनंदाने रडली, हे शासकीय नोंदीसाठी वेगळे सांगावे लागेल. अंबूबाईंनी देवापुढे दिवा लावला. चार वर्षांनी त्या घरात कुणाला तरी चव लागली होती.

९. दि. २३ सप्टेंबरला सकाळी सात वाजता आपली भोंगा लावलेली गाडी दारात उभी राहिली. नववा सत्कार होता. अर्जदाराने हात जोडून सांगितले की आज उपचाराचा बारावा दिवस आहे, खंड पडून चालणार नाही. आपल्या प्रतिनिधीने छापील सूचना दाखवली : 'सत्कारास अनुपस्थित रुग्णास उपचारांत स्वारस्य नाही असे गृहीत धरण्यात येईल.' उपचार चालू राहावेत म्हणून उपचार सोडून मितेश गाडीत बसले. पुढच्या आठ दिवसांत आपण आणखी एक सत्कार उरकलात. खंड पडला तो पडलाच, उपचार तिथेच तुटले. मितेश पुन्हा भिंतीला पाठ लावून बसू लागले, आणि गिजगा भात गपचूप गिळू लागले. त्या आठवड्यात अर्जदाराने मुद्दाम तीन वेळा भात बिघडवून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

१०. आता डॉक्टर बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे ठरवले आहे. सोमवार, दि. २४ नोव्हेंबरची वेळ राखून ठेवली आहे. मात्र या वेळी रुग्णालय पत्राशिवाय आत घेणार नाही, आणि ही वेळ हुकली तर पुढची कधी मिळेल ते बाईंनाही सांगता येत नाही. इकडे आपले निमंत्रण आले आहे : शुक्रवार, दि. २८ रोजी शहापूर येथे बारावा व अंतिम भव्य सत्कार. एकवीस सुतळी बॉम्बची सलामी. 'मी कसा बरा झालो' या विषयावर सत्कारमूर्तींचे पाच मिनिटे भाषण. आणि बारा सत्कारांचा कोर्स पूर्ण झाल्याबद्दल, आपल्या शुभहस्ते, 'पूर्णतः बरे झाल्याचे' प्रमाणपत्र. बऱ्या झालेल्या माणसाला शिफारसपत्र देता येत नाही, असे आपल्या लिपिकाने अर्जदाराला प्रेमाने समजावून सांगितले. म्हणजे त्या कागदावर आपण सही केलीत की या कागदावर कधीच करता येणार नाही. पेन मात्र तेच असेल.

११. दि. १ नोव्हेंबरच्या अकराव्या सत्काराला आपण स्वतः हजर होतात. माळ लागताच मितेश यांनी आपल्याला व्यासपीठावर आडवे केले. त्यात आपले कोपर फुटले, याबद्दल अर्जदार मनापासून दिलगीर आहे. अहवालात 'गाढ आलिंगन' अशी नोंद करून आपण प्रकरण मिटवलेत, हा आपला मोठेपणा. पण त्या दिवशी घरी आल्यावर हात धुताना मितेश जे बोलले ते आपल्याला कळवणे अर्जदाराला भाग आहे. ते म्हणाले, "या टायमाला वेळेत पोचलो."

तेव्हा अर्जदाराच्या डोक्यात प्रकाश पडला. चार वर्षांपूर्वी गाडीत शेजारी बसलेल्या ड्रायव्हरला खाली ओढायला त्यांचा हात पुढे झाला होता आणि पोचला नव्हता. तेव्हापासून दर आवाजाला तो हात पुढे होतो. ताराबाई असोत, मुख्याध्यापक असोत की आपण. शेजारी कोण उभे आहे ते मितेश पाहत नाहीत, नाहीतर निदान एकदा तरी त्यांनी विचार केला असता. सगळा गाव ज्याला वेडा म्हणू लागला आहे, त्या माणसाला आवाज होताच पहिल्यांदा दुसऱ्याचा जीव आठवतो. अर्जदाराला या नवऱ्याचा अभिमान आहे, आणि तो अभिमान तिला शालीत गुंडाळून नको आहे.

दि. २८ ला बॉम्ब एकवीस आहेत. आपण आग्रहच धरलात तर मितेश आपल्याला एकवीस वेळा वाचवतील. त्या बदल्यात आपण त्यांना एकदा वाचवावे, तेही बसल्या जागी, एका सहीने. कळावे.

आपली (सोमवारपर्यंत) नम्र,

सौ. सारिका मितेश निमसे

सोबत :

१) शिफारसपत्र, टाइप करून, तीन प्रतींत. नाव, हुद्दा, जावक क्रमांकाची जागा सर्व तयार आहे. शाईचे निमित्त नको म्हणून पेन टाचणीने जोडले आहे.

२) डॉक्टर बाईंचे पत्र. रकाना क्र. ९ मधील वाक्याचा अर्थ त्यांनी या वेळी सोप्या मराठीत समजावून दिला आहे.

३) शाली, अकरा नग, घडी न मोडलेल्या. नारळ जोडता आले नाहीत, त्यांची चटणी झाली.

४) मितेश निमसे यांची चिठ्ठी. ही जोडू नये असे अर्जदाराचे मत होते, पण त्यांनी तीन दिवस बसून लिहिली आणि जोडायलाच लावली. मजकूर : "साहेब, सत्काराला माझ्या शेजारी उभे राहू नका. माझा हात मला आवरत नाय, तुमाला लागेल. मागच्या टायमाला तुमचं कोपर फुटलं. आता बरं हाय का?"