टेकडीचे शुक्रवार

कार्तिक व. ७, शुक्रवार, शके १८६५. पूर्णा

पाय लय दुखायलेत, तरी लिहिते. लग्नाला चार वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा आम्ही दोघंच घराबाहेर पडलो. धाडलं सासूबाईंनीच. त्यांना मी आत्याबाई म्हणते, पण इथं नुसतं आ.बा. लिहीन, हात दुखतो.

मूल नाही म्हणून आ.बां.नी मिरखेलच्या पुढच्या टेकडीवरच्या सटवाईला नवस बोललाय. नवरा-बायकोनं मिळून पाच शुक्रवार जायचं. सलग. मधे खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. हे टेशनावर पार्सलखिडकीत कामाला, ती शुक्रवारी सरकारी सुट्टीमुळं बंद असते आणि रेल्वेचा पास आहे, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नव्हती.

मिरखेलला उतरलो. हे पुढं, मी मागं. गाव संपलं, रानं लागली, तरी हे आपले पुढंच. शेवटी म्हणाले, आता इथं कोण बघायलंय, तूर बघायलीय का? तेव्हा कुठं थांबले.

टेकडीच्या पायथ्याला गुरवीण बसलेली असते. प्रत्येक बाईला विचारते. मलाही विचारलं. "पोटात काही हाय का बाई? भरल्या पोटीनं टेकडी चढायची न्हाई. देवी दिलेलं माघारी घेती."

"असतं तर इथं कशाला आले असते?"

ती हसली, हे पण हसले. मला हसू आलं नाही. येताना यांनी टोपीभर बोरं तोडली. आंबट होती. सगळी खाल्ली.

कार्तिक व. १०, सोमवार

आ.बा. आज भाकरी थापताना बोलल्या. रोजचंच काही बोलावं तशा. "पाच शुक्रवार हुऊ दे गोदे. न्हाईच काही झालं, तर माझ्या भावानं पालमची पोरगी बघून ठेवलीया. तुला काय कुनी घालवून देत न्हाई. तू बी ऱ्हाशील."

मी भाकरी उलटली. हे समोरच जेवत होते. मला वाटलं, आता बोलतील.

मीठ मागितलं.

कार्तिक व. १४, शुक्रवार

दुसरा. टेकडी तीच, गुरवीण तीच, प्रश्न तोच.

परतीला टेशनावर आलो तर गाडी आमच्यादेखत सुटली. मास्तर म्हणाले, लष्कराची गाडी पुढं काढायची होती, म्हणून हिला घाईनं सोडली. पुढची गाडी कधी, ते त्यांनाच माहीत नाही. लढाई कुठं आणि अडकायचं आम्ही. मग एक कापसाची बैलगाडी पूर्णेकडं निघाली होती, तिच्यावर बसलो. कापसावर बसलं की माणूस आत आत जातं. यांचं नुसतं मुंडकं दिसायलं होतं. गाडीवान गाणं म्हणत होता आणि हे मागून चुकीच्या जागी सूर ओढायले होते. मी एवढं हसले की पोटात दुखायला लागलं.

घरी गेल्यावर केसांत कापूस. आ.बां.नी एक पुंजका काढून हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "देवीकडं गेला होता का येचनीला?" हे म्हणाले, गाडी चुकली. खरंच होतं ते.

आज मला नवरा आहे असं वाटलं. घरात असतात ते आ.बां.चे असतात.

मार्गशीर्ष शु. ५, गुरुवार

बाहेर बसले. मागच्या लाकडाच्या खोलीत आहे, पेन्सिलीनं लिहायलेय. आली ती आली, तीही चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी. आ.बां.नी भरताची वांगी आणून ठेवली होती. कपाळाला हात लावला त्यांनी. एक तर दरमहा मिळतं तेच उत्तर मिळालं आणि वर उद्याचा तिसरा शुक्रवार बुडाला.

बाईच्या महिन्यात पाच शुक्रवार सलग बसवायचे, हा नवस कुण्या पुरुषानंच काढला असणार.

रडू येत होतं. तेवढ्यात हे खिडकीपाशी आले. "म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून?"

"हो."

"पुन्हा पाच?"

"हो म्हणलं ना."

तोंड पडलेलं ठेवायचा लय प्रयत्न केला, पण जमेना त्यांना. "तेवढंच आपलं फिरणं," म्हणाले आणि गेले. मी डोळे पुसले. नाकात लाकडाचा भुसा जायलाय.

मार्गशीर्ष शु. १३, शुक्रवार

पुन्हा पहिला. देवी उरकली, म्हणजे दर्शन झालं, आणि हे टेशनावर म्हणाले, पूर्णेची गाडी जाऊ दे, परभणीला जाऊ. मी म्हणाले, आत्याबाई? म्हणाले, लष्करावर ढकलू.

परभणीला नुसतं चाललो. बांगड्यांची गल्ली, कापडाची, अत्तराची. काही घेतलं नाही, घेतलं तर घरी दिसेल. मग हाटेलात चहा. बायकांसाठी आत पडदा होता. पडद्यामागं मी एकटी आणि अलीकडं हे. पडद्याखालून यांचे पाय दिसायले होते. बशीतला चहा गरम असल्यानं सांडला लुगड्यावर. मी पडद्यामागून म्हणाले, सांडला. पलीकडून म्हणाले, माझा पण.

आ.बां.नी विचारलंच, डाग कशाचा. मी म्हणाले, देवळातलं तेल. देवीच्या नावावर किती खपवायचं, माझंच मला कसंतरी झालं.

मार्गशीर्ष व. ५, शुक्रवार

दुसरा. आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर डोक्यात फिरत राहील.

मिरखेलची वेस ओलांडली आणि हे म्हणाले, "तुला सांगायचं होतं. मंगळवारी पार्सलचं काम म्हणून गेलो, ते काम नव्हतं. माय घेऊन गेली होती. पालमला."

मला आधी कळलंच नाही.

"कशी आहे?"

"मान खाली होती तिची."

"मग काय बघितलंत?"

"माय म्हणली चल, म्हणून गेलो."

"तुम्ही नाही म्हणालात?"

"मी काहीच म्हणालो नाही."

आणि हे असं सांगितलं की जणू त्यांनी माझी बाजूच घेतली. राग आला, लय राग आला. काहीच म्हणाले नाहीत म्हणे. तिकडं पोरीच्या बापानं त्याचा काय अर्थ घेतला असेल? मी चालायला लागले ते थांबलेच नाही. आज मी पुढं आणि हे मागं. वाटेत कापूस वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघायल्या होत्या. बघू दे.

गुरविणीला उत्तर न देताच चढले. ती मागून ओरडली, "बाई, इचारायलेय मी." वरूनच सांगितलं, नाही. काही नाही.

गाडीत यांनी शेंगा सोलून पुढं केल्या. घेतल्या नाहीत. पूर्णा येईपर्यंत त्यांच्या हातातच होत्या.

मार्गशीर्ष व. १२, शुक्रवार

तिसरा. थकले. टेकडी उंच झाल्यासारखी वाटते, दोनदा बसले. हे बोलायचा प्रयत्न करायलेत, बोलता येत नाही. चांगला माणूस आहे. आईपुढं तोंड उघडत नाही, एवढंच. पण एवढंच म्हणजे सगळंच झालं की.

उतरताना म्हणाले, "पाच होईस्तोवर माय काही करणार नाही. तिनं तसं बोललंय देवीला."

त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं. माझ्या डोक्यात भलतंच बसलं. पाच होईस्तोवर.

पौष शु. ४, गुरुवार

लाकडाच्या खोलीत. पण...

लिहूनच टाकते. उद्या चौथा होता, मग पाचवा, मग पालम. सकाळपासून कंबर दुखायलीय, म्हणजे आज नाही तर उद्या होणारच. शुक्रवार टळून शनिवारी आलं तर चौथा पदरात पडायचा. म्हणून दुपारी सांगून टाकलं, आत्याबाई, मला शिवू नका. होणारच आहे, एक दिवस आधी सांगितलं. एवढंच केलंय मी.

वाटलं, आ.बा. बोलतील. त्या तर बसल्या मटकन उंबऱ्यावर. मग उठून गूळ-सुंठीचं पाणी केलं, लोटा लांबून सरकवला. काठीनं गोधडी ढकलली माझ्याकडं. म्हणाल्या, "चार दिस निवांत पड. तोंड उतरलंय तुझं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

पौष शु. ८, सोमवार

न्हाले, घरात आले, चुलीपाशी बसले.

आलेलं नाही. शनिवारी नाही, काल नाही, आज नाही. इतकी वर्षं एकदा चुकलं नाही आणि आता...

थंडीनं असेल. चालून चालून अंग थकलंय, म्हणून असेल.

पौष शु. १३, शनिवार

काल पुन्हा पहिला व्हायचा होता. यांना मालासाठी बोलावून घेतलं, डबेच्या डबे आलेत म्हणे. गेलो नाही. मला बरंच वाटलं, गुरवीण काय विचारते ते माहीत आहे.

संध्याकाळी आ.बां.नी आम्हा दोघांना समोर बसवलं. "आता शुक्रवार पुरे. दोनदा मोडलं, म्हंजी देवीच्या मनात न्हाई. पुढच्या शुक्रवारी संक्रांतीचा ववसा उरकून जा दोघं, वटी भरा, सांगा तिला, आमच्यानं हुईना, मोकळं कर. माघात पालमला सुपारी फोडू." बोलताना आवाज फुटत होता त्यांचा. त्यांनाही हे काही गोड नाही. नातवाशिवाय मरायची भीती आहे त्यांना, दुसरं काही नाही.

हे जमिनीकडं बघत होते.

अजून आलेलं नाही. सांगावं म्हणलं तर काय सांगू? चार दिवस लाकडात बसले ते खोटं होतं, असं? ऐन नवसात खोटं. ते कबूल करायचं आणि मग उद्या परवा आलं, तर? मग तोंड दाखवायला जागा नाही, आणि पालम तर आहेच. पोटात जरा दुखलं की जीव अर्धा होतो. मागं जाऊन बघते. काही नसतं. पुन्हा येऊन भाकरी थापते.

आज भाकरीच्या वासानं उमळून आलं. खोकल्याचं निमित्त केलं.

पौष व. ४, शुक्रवार. संक्रांत

वाटेत हुरड्याच्या आगट्या पेटल्या होत्या. एका म्हातारबाबानं ओंजळभर हुरडा दिला. यांनी अर्धा मला दिला, मी खाल्ला. भांडण आपोआप मिटलं होतं, भांडायला अंगात ताकदच नाही.

पायथ्याला गुरवीण. तिळगूळ दिला तिला. तिनं घेतला आणि विचारलं, "पोटात काही हाय का बाई?"

यांनी सवयीनं तोंड उघडलं, "ना..." आणि मी यांची बाही धरली. परक्या बाईसमोर. आजवर कधी हात लावला नव्हता चारचौघांत.

 मग गुरवीण म्हणाली, "मंग खाली बस की." तिनं स्वतःची घोंगडी झटकून दिली आणि लांब जाऊन बसली.

मी सांगितलं. मागच्या खेपेला मी बाहेर झालेच नव्हते. खोटं बसले होते.

हे माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "चार दिवस? त्या थंडीत? कशासाठी?"

"पाच शुक्रवार होऊ नयेत म्हणून."

"आणि आता?"

"आता माहीत नाही. असेल. नसेलही. मला लय भ्या वाटायलंय."

ओटीचं सामान माझ्या मांडीवर होतं. यांनी ते उचललं नाही. वर टेकडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घोंगडीवर शेजारीच बसले. "मग आज वर कुणीच जायचं नाही," म्हणाले. मी म्हणाले, आणि आत्याबाईंना काय सांगायचं? 

खण-नारळ गुरविणीकडं दिला. ती वर नेऊन ठेवणार आहे. काय म्हणून ठेवू, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, नुसतं ठेवा.

येताना हे पुढं चालले नाहीत. गावातूनसुद्धा शेजारून चालले. दोघीतिघींनी वळून बघितलं. गाडीत खिडकीबाहेर बघत होते, ओठ हलायले होते मधूनमधून. मला वाटलं, देवाचं नाव घ्यायलेत. मग ऐकू आलं. "माय, ऐक," एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. पुढचं त्यांना सापडत नव्हतं.

घरी आलो. आ.बां.नी दारातच विचारलं, "सांगितलं का देवीला?"

मी आत आले. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, हात थांबला, म्हणून हे लिहायला घेतलं. हे बाहेरच्या खोलीत आहेत. पाट सरकवल्याचा आवाज आला. आ.बा. बसल्या असतील.

आत्ता हे म्हणाले, "माय, ऐक."

पुढचं अजून आलेलं नाही.