पहिलीच कॉफी निरोपाची

प्रिय आईस,
मारियामाई तुला सुखात ठेवो.

मी पोटभर जेवतो, काळजी नको. कॉलेज सोडलं म्हणून मामा अजून चिडलाय का? मोस्तारमध्ये पर्यटकांना तो पुन्हा बांधलेला जुना पूल दाखवायचं काम बरं चाललंय. तुझी कंबर कशी आहे?

काल अल्मासाला मागणी घालायला गेलो होतो. या मुसलमान घरांत पाहुण्याला तीनदा कॉफी देतात: आल्यावर, गप्पांना आणि शेवटची ‘आता उठा’ म्हणून. तिच्या वडिलांनी, शेफिककाकांनी, पहिलाच पेला पुढे सरकवला. म्हणाले, “ही शेवटची, बाळा. पी आणि ऊठ.”

मी भडकलो. “माझ्यात खोट काय आहे?”

“पर्यटकांना रोज सांगतोस, पूल त्र्याण्णवच्या युद्धात पडला. पडला होय रे? तुम्हा क्रोएटांच्या तोफांनी पाडला. तेव्हा तुझा बाप कुठे होता ते सांग, मग पहिली कॉफी पाजतो.”

अल्मासा दारातच उभी होती. तिच्यादेखत ती कॉफी प्यालो आणि उठलो.

आई, बाबा त्या वर्षी ‘कामाला’ गेले होते, एवढंच तू सांगत आलीस. आता त्यांनाच विचार. तोफेपाशी होते असं निघालं, तरी तसंच लिही. खोटं लिहिलंस तर अल्मासाला मी मुकेनच, पण तूही मला मुकशील.

अजून तरी तुझाच,
झ्वोन्को