माणुसकीचा तिसरा टेक

११ एप्रिल, सकाळी
आजपासून डायरी. मोठे क्रिएटर जर्नलिंग करतात. माझं इन्स्टा पेज ‘माणुसकी विथ अंकुश’ सध्या लहान आहे, पण माइंडसेट मोठा आहे.
बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पावसाळ्यापर्यंत वजन उचलायचं नाही, जास्त उभं राहायचं नाही. म्हणजे यंदा घरासमोरची पाणपोई माझ्याकडे. हिंगण्याच्या कंपनीची बस आमच्या दारासमोरच थांबते. दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला बाबा तिथे कडुनिंबाखाली माठ मांडतात, ते पाऊस पडेपर्यंत. आजोबांनी सुरू केलेलं काम. एकही उन्हाळा बंद पडलेलं नाही, असं बाबा म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.
मी म्हटलं, टेन्शन घेऊ नका. मनात विचार केला, इतक्या वर्षांची सेवा आणि एकही फोटो नाही! ही चूक मीच सुधारणार.

१४ एप्रिल
ग्रँड ओपनिंग. माठांना निळा ऑइल पेंट मारला, वर पांढऱ्या अक्षरांत पेजचं नाव. कॅमेऱ्यावर माझा मित्र ऋषी. फीत बहिणीने कापली. बहीण म्हणजे दीक्षा, बारावीत आहे, स्वभावाने निगेटिव्ह. फीत कापून झाल्यावर तिने विचारलं की माठात पाणी कुठे आहे. भरायचं राहून गेलं होतं. पण फ्रेममध्ये माठाच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे नुकसान काही झालं नाही.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून पाणी भरणे.

१८ एप्रिल
पाणी गरम लागतं अशी तक्रार आली. ग्लोबल वॉर्मिंग. आईचं म्हणणं वेगळंच. ऑइल पेंटने माठाचं अंग बुजलं, तो पाझरत नाही, मग पाणी थंड होणार कसं. आईला ब्रँडिंग कळत नाही. तिने बाजारातून दोन साधे माठ आणवले, ओलं पोतं गुंडाळून ठेवले. मी समोर माझे निळे ठेवले, मागे तिचे. सगळ्यांचं मन राखता आलं पाहिजे.
पाचला उठण्याचं उद्यापासून. सध्या दीक्षा भरते. याला टीमवर्क म्हणतात.

२३ एप्रिल
पहिला रिअ‍ॅक्शन व्हिडिओ. तहानलेला कामगार, थंड पाणी, डोळ्यांत समाधान. दुपारच्या शिफ्टचे संघपालकाका तयार झाले, म्हणजे त्यांनी नाही म्हटलं नाही. पहिल्या टेकला डोळेच मिटून घेतले. दुसऱ्या टेकला पाणी प्यायले, पण समाधान दिसेना. तिसऱ्याला मी म्हटलं, काका, आजोबांची आठवण आल्यासारखं प्या. ते म्हणाले, पोट भरलं गा, बस निघून राहिली. आणि बस खरंच निघून गेली. मग ते ऑटो शोधत बसले. माझे आभार वगैरे काही नाही.
नोंद: आपल्या लोकांना कॅमेऱ्याची सवय कमी. यावर काम करावं लागेल.

२ मे
गर्दी घटली आहे. बसची वाट बघणारे सगळे रस्त्याच्या पलीकडे, रखरखीत उन्हात उभे राहतात. इकडे सावली आहे, पाणी आहे, मी आहे. मी फोन काढला की ते पाठ फिरवतात. लोकांमधली कृतज्ञता संपत चालली आहे, यावर मी रील केलं. लाइक बरे आले. एकाने विचारलं, शर्ट कुठून घेतला.
दीक्षाचं म्हणणं, ते लोक तुझ्यामुळेच पलीकडे गेले आहेत. जेलस आहे ती.
पाचला उठण्यासाठी नवं अलार्म अ‍ॅप टाकलं. अ‍ॅप उत्तम आहे. आवाजाने आई उठते.

९ मे, रात्री
पारा पंचेचाळीसच्या वर. लाइट जबरदस्त.
आज पाण्याच्या धारेचा स्लो मोशन शॉट घ्यायचा होता. त्यासाठी सगळे माठ ओतून रिकामे केले. तितक्यात मागच्या गल्लीतल्या वंदनाकाकू भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि आमच्या पायरीवर मटकन बसल्या. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला. देवाशपथ, मी काहीही प्लॅन केलं नव्हतं. ओरिजिनल इमोशन समोर आलं होतं. मी रेकॉर्ड दाबलं. ऋषीला म्हटलं, डावीकडून घे.
काकूंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “झालं का बाप्पा तुह्यावालं? मंग पाणी दे.”
मी माठात पेला घातला. माठ रिकामा. तेव्हा दीक्षा घरातून धावत पाणी घेऊन आली, काकूंच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला, त्यांना आत कूलरसमोर नेलं. संध्याकाळी काकू चहा पिऊन, आईशी गप्पा मारून, आपल्या पायांनी घरी गेल्या. म्हणजे सगळं नीट झालं.
त्यांचं वाक्य एडिट करणार. फ्लो तुटतो.

१० मे
व्हायरल!!! बॅकग्राउंडला बासरी टाकली, खाली लिहिलं: ‘माणुसकी अजून जिवंत आहे.’ फॉलोअर दहा पट. कमेंट वाचून भरून आलं. ‘भाई, रडवलंस.’ ‘तुझ्यासारखी मुलं हवीत.’ ‘बासरीचं नाव सांगा.’ एका कॉलेजने ‘तरुणाई आणि संवेदना’ या विषयावर बोलायला बोलावलं आहे. भाषण लिहायला घेणार. आजच्या पिढीला संवेदना शिकवावी लागते.
काकूंकडे चौकशीला जायचं राहिलं. कमेंटना उत्तर द्यायला वेळ पुरत नाही.

११ मे
बाबांना रील दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं. परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, “अंकुश, पाणी कधी देल्लं तिले?”
मी म्हटलं, आहे ना त्यात. लावून दाखवायला गेलो. काकू बसतात, चेहरा क्लोज-अपमध्ये, मी हात जोडतो, बासरी, माझं नाव, संपलं. त्यात पाणी कुठेच नाही. हजारो लोकांनी पाहिलं, रडले, शेअर केलं. पाणी दिलं का, असं एकानेही विचारलं नाही. मी स्वतः तीस-चाळीस वेळा पाहिलं, मलाही दिसलं नाही.
 बाबा वॉकर धरून उठले आणि मोरीतली बादली उचलायला वाकले. मी ती हातातून घेतली. गुडघ्याची कळ त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. ही डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.
संध्याकाळी काकूंकडे जाऊन आलो. त्यांनी पन्हं दिलं आणि विचारलं, तू बरा आहेस ना, चेहरा उतरलाय. पन्हं पिऊन घरी आलो. रील डिलीट केलं. भाषणाला येणार नाही असं कळवलं. (दोन्ही करताना हात जड झाला, हेही खरं.)

१४ मे
पाचला उठलो. म्हणजे सव्वासहाला. माठ भरले, पोती ओली केली. निळे माठ घरामागे टाकले. फोन घरात ठेवला. तत्त्व वगैरे नाही, चार्जिंगला होता.
दुपारी ऊन असं की दीक्षाचा दुपट्टा तोंडाला गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून माठापाशी बसलो. पलीकडे नेहमीची मंडळी उन्हात उभी. कोणी येईना. मी हात करून बोलावलं, तरी येईनात. बाबा खिडकीतून बघत होते.
शेवटी संघपालकाका रस्ता ओलांडून आले. आधी कडुनिंबामागे डोकावले, मग आमच्या फाटकात. मग हळूच मला विचारलं, “काहून गा, तो व्हिडिओवाला पोट्टा गेला का?”
मी दुपट्टा आणखी वर ओढला. म्हटलं, “गेला.”
काका दोन पेले पाणी घटाघट प्यायले, त्यांनी तोंडावर हबका मारला आणि पलीकडे वळून हाक दिली, “या बे सगळे! गेला तो.”
आठ-दहा जण धावतच आले. मी मान खाली घालून पाणी देत राहिलो.